ज्येष्ठ नागरिकांसाठी तोल व ताकदीचे व्यायाम : चेन्नईतील शासकीय सेवा

वय झाले की माणूस पडणारच, असा सर्वसाधारण समज आहे. पाय घसरल्यावर घरचे लोक काळजीपोटी "आता बसूनच राहा" असे सांगतात. मात्र बसून राहिल्याने पायांची ताकद व तोल आणखी कमी होतो आणि पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. योग्य व्यायामाने हा धोका कमी करता येतो.

व्यायामाचा उपयोग किती?

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार, घरी राहणाऱ्या ६० वर्षांवरील व्यक्तींमध्ये व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते. हा लाभ मुख्यतः तोल सांभाळण्याच्या व्यायामांचा आहे. केवळ चालण्याने तो मिळतो, असे सिद्ध झालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल व ताकदीचे व्यायाम करावेत.

चेन्नईत सेवा कोठे मिळते?

• मक्कळै तेडी मरुत्तुवम : नावाचा अर्थ 'लोकांना शोधत येणारी वैद्यकीय सेवा'. तमिळनाडू शासनाची ही योजना ५ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झाली. रक्तदाब व मधुमेहाच्या औषधांबरोबरच गरजू रुग्णांना घरी फिजिओथेरपी दिली जाते. जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी.

• राष्ट्रीय वृद्धत्व केंद्र, गिंडी : २०० खाटांचे हे शासकीय रुग्णालय २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाले. वारंवार पडणाऱ्या व्यक्तींनी येथे तपासणी करून घ्यावी.

• राष्ट्रीय वयोश्री योजना : ६० वर्षांवरील, दारिद्र्यरेषेखालील किंवा मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्या पात्र व्यक्तींना काठी, वॉकर इत्यादी साधने मोफत मिळतात.

तपासणीच्या वेळी काय सांगावे?

• गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात, कोठे व कसे
• उभे राहताना चक्कर येते का
• हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येते का
• सुरू असलेली सर्व औषधे. काही औषधांमुळे चक्कर येऊ शकते

तमिळ येत नसल्यास भाषा जाणणारी व्यक्ती सोबत न्यावी.

गटाने व्यायाम कसा करावा?

फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम सोसायटीच्या आवारात किंवा उद्यानात चार-पाच जणांनी मिळून केल्यास त्यात खंड पडत नाही. सर्वसाधारणपणे पुढील व्यायाम शिकवले जातात :

१. खुर्चीतून सावकाश उठणे व बसणे
२. आधार धरून टाचा उचलणे
३. एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवून उभे राहणे
४. आधार धरून बाजूला पावले टाकणे

भिंत, कठडा किंवा पक्की खुर्ची हाताशी असावी. पायांत घट्ट बसणारी पादत्राणे घालावीत. छातीत दुखल्यास, चक्कर आल्यास किंवा धाप लागल्यास व्यायाम त्वरित थांबवून डॉक्टरांना दाखवावे. हाड मोडलेल्या किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तींनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय व्यायाम सुरू करू नये.

मदतीसाठी : ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन 'एल्डरलाइन', क्रमांक १४५६७ (निःशुल्क).