पुण्याच्या कारागिराने घडविलेले नाक

कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेतील संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विलायतेची मोठमोठी रुग्णालये उभी राहतात. परंतु या शास्त्रातील एक महत्त्वाचे पान १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ लिहिले गेले, आणि ते लिहिणारा विटा पाडणाऱ्या जातीतील एक कारागीर होता, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

रुग्णाचे नाव कावसजी. नावावरून तो पारशी वाटतो, पण वृत्तात त्याला मराठा शेतकरी म्हटले आहे. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात तो इंग्रज फौजेचे बैल हाकीत असे. तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. (हे वृत्त कंपनीच्या बाजूच्या माणसाने लिहिले आहे, हे ध्यानात ठेवावे. नाक कापण्याची शिक्षा त्या काळी अनेक राजवटींत होती.) वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. आपल्याकडे नाक जाणे म्हणजे अब्रू जाणे! तेव्हा त्याचे दिवस कसे गेले असतील, याची कल्पना करावी.

आता कृती पाहा. मुंबई इलाख्याचे दोन डॉक्टर, क्रूसो व फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. प्रथम मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक थोटकावर बसवून पाहावयाचे. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व त्याभोवती रेघ ओढावयाची. तेवढी कातडी सोडवून घ्यावयाची, मात्र दोन भुवयांमधील एक अरुंद पट्टी तोडावयाची नाही. सारे मर्म या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त वाहत राहते, म्हणून खाली वळविलेली कातडी जिवंत राहते. नाकाच्या जुन्या व्रणाची कड तासून तेथे ही कातडी अर्धा पीळ देऊन बसवीत. टाके नाहीत; चिकटविण्यास पानाला लावतो तो कात, पाण्यात भिजवून कापडाच्या पट्ट्यांवर पसरलेला! चार दिवसांनी तो काढून तुपात भिजविलेली फडकी लावीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापीत. भूल देण्याची विद्या तर पुढे १८४६ मध्ये आली.

जेम्स वेल्स या चित्रकाराने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचे चित्र काढले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापून आली. युरोपात इटलीच्या तालियाकोझीने दंडाच्या कातडीचे नाक करण्याची रीत १५९७ साली ग्रंथात मांडली होती, पण ती मागे पडली होती. लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी पुण्याच्या रीतीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, प्रेतांवर सराव केला, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर शस्त्रक्रिया करून यश मिळविले. १८१६ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले.

हिंदुस्थानात ही विद्या जुनीच. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीचे नाक करण्याची रीत आहे. कपाळाची रीत कारागिरांच्या घराण्यांत हातोहात चालत आलेली दिसते. बगदादमध्ये अब्बासी खलिफांच्या काळी, वजीर याह्या बर्मकीच्या आज्ञेने मनका नावाच्या हिंदी वैद्याने सुश्रुताचा ग्रंथ अरबीत आणविला, अशी नोंद इब्न नदीमने केली आहे.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. रुग्णाचे नाव उरले, डॉक्टरांची उरली, चित्रकाराचे उरले. ज्याच्या हातांनी नाक घडले त्याचे नाव त्या वृत्तात कोणी लिहिले नाही. त्यानेही काही लिहून ठेवले नाही. त्याची विद्या बोटांत होती.

आज कर्करोगामुळे नाकाचा भाग काढावा लागला, तर सर्जन कपाळाचीच कातडी घेतात. भुवईच्या आतल्या टोकाजवळून वर जाणारी रक्तवाहिनी सांभाळतात, आणि जोडणारी पट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतात.