संगणकांतील बिऱ्हाडें

नव्या घरांत बिऱ्हाड करावयाचें झालें म्हणजे सामानाच्या आधीं जागेचा विचार येतो. कोठी कोणत्या खोलींत, देव कोठें, दप्तर कोठें हें घरधन्यानें ठरवावयाचें असा आपल्याकडील साधा समज आहे. सामान आणून टाकणाऱ्या हमालानें तें परस्पर ठरविलें तर कोणासहि रुचणार नाहीं. संगणक ज्यांच्या घरीं किंवा कचेरींत आहे त्यांच्यापुढें हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहतो. संगणकाकडून कोणतेंहि काम करून घ्यावयाचें तर त्या कामाची आज्ञावली, म्हणजे जिला सर्वसाधारण बोलण्यांत प्रोग्रॅम किंवा सॉफ्टवेअर म्हणतात ती, त्याच्या डिस्कवर कोठें तरी बसवावी लागते. ही जागा कोणीं निवडावी? यंत्राच्या मालकानें, प्रोग्रॅम लिहिणारानें, कीं संगणकाची मूळ व्यवस्था तयार करणाऱ्या कंपनीनें? गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत या प्रश्नाचें उत्तर अनेकदां बदललें आहे. वरवर पाहतां ही कारागिरांच्या आपसांतील बाब वाटते. परंतु तिचा भुर्दंड पडतो तो ज्याच्या डिस्कवर जागा उरलेली नाहीं, त्या सामान्य माणसास.

आरंभीं हा प्रश्नच नव्हता. १९८१ सालच्या ऑगस्टांत आय.बी.एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्यूटर बाजारांत आणला, तेव्हां त्यास हार्ड डिस्क नव्हती. एक किंवा दोन फ्लॉपी, त्याहि प्रत्येकीं १६० किलोबाइटांच्या, एवढाच संसार. प्रोग्रॅम फ्लॉपीवरच राहत असे. हिशेबाची फ्लॉपी काढावी, पत्रलेखनाची घालावी, व काम संपलें म्हणजे पाकिटांत सरकवून खणांत ठेवावी. प्रोग्रॅमची जागा अक्षरशः वापरणाराच्या हातांत होती. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें पुरविलेल्या डॉस या व्यवस्थेच्या पहिल्या आवृत्तींत फोल्डर करण्याची सोयहि नव्हती. फ्लॉपीवरील साऱ्या फाइली एकाच यादींत, आणि ती यादी चौसष्ट नांवांनीं भरून जाई.

१९८३ च्या मार्चांत त्याच कंपनीचें एक्स.टी. हें यंत्र आलें. त्यांत १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क होती, म्हणजे साठांहून अधिक फ्लॉपींचा ऐवज एका पेटींत मावूं लागला. त्याबरोबर आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीनें फोल्डर व त्याच्या पोटांत फोल्डर करण्याची सोय दिली. मग वापरणारानें स्वतः आज्ञा टंकित करून फोल्डर तयार करावा, त्यास आवडेल तें नांव द्यावें, व फ्लॉपीवरील फाइली त्यांत उतरवून घ्याव्या, अशी रीति पडली. कोणकोणत्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधावेत याची यादी 'पाथ' या नांवानें संगणकास एकदां सांगून ठेवली कीं काम भागे. घराचा नकाशा मालकाच्या डोक्यांत असे. हें स्वातंत्र्य मोठें खरें, पण आज्ञा पाठ असणारासच तें उपयोगी पडे, हेंहि विसरतां कामा नये.

फोल्डराच्या आंत फोल्डर ही कल्पना डॉसनें युनिक्स या व्यवस्थेपासून उचलली होती, आणि युनिक्सच्या घरांतील एक हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. युनिक्सचा जन्म अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ पासून पुढील दोन-तीन वर्षांत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. तेथें प्रोग्रॅमचें घर म्हणजे 'बिन' नांवाचा फोल्डर. आणि वापरणाऱ्या मंडळींच्या स्वतःच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर, 'यूएसआर' नांवाच्या फोल्डरांत. पहिली डिस्क भरून गेली तेव्हां न मावणारे प्रोग्रॅम दुसऱ्या डिस्कवर, लोकांच्या सामानाच्या शेजारीं, नेऊन ठेवण्यांत आले, व यूएसआरच्या पोटांत दुसरा एक 'बिन' तयार झाला. ही केवळ अडचणींत काढलेली तोड होती. पुढें डिस्का हजारों पटींनीं वाढल्या, लोकांचें सामान तेथून दुसरीकडे हललें, तरी दोन 'बिन' कायमच राहिले. एवढेंच नव्हे, तर मागाहून आलेल्या पंडितांनीं त्या विभागणीस शास्त्रार्थहि जोडून दिले! लिनक्सच्या परिवारांतील फेडोरा या व्यवस्थेनें अखेर २०१२ सालीं ते दोन्ही एक केले. एका भरलेल्या डिस्कची सावली चाळीस वर्षें पुरली.

याच परिवारांत एक उत्तम रीतिहि रूढ झाली. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पांतील प्रोग्रॅम मूळ लिखित रूपांत मिळत, आणि ज्यास ते हवे असत त्यास आपल्या यंत्रावर ते घडवून घ्यावे लागत. या घडणीच्या वेळीं 'प्रीफिक्स' या नांवानें एक सूचना देतां येते, ती अशी कीं, अमक्या फोल्डराखालींच सर्व कांहीं बसव. कांहीं सांगितलें नाहीं तर यूएसआरमधील 'लोकल' ही ठरीव जागा. सांगितलें तर सांगाल ती. हिचें मोल विद्यापीठांतील विद्यार्थ्यांस विशेष कळलें. एकच मोठें यंत्र, त्यावर शेंकडों माणसें, आणि सामाईक जागेंत कांहीं ठेवण्याचा अधिकार एकट्या व्यवस्थापकास. ज्यास नवा प्रोग्रॅम हवा त्यानें अर्ज करून वाट पाहावी, नाहीं तर प्रीफिक्समध्यें स्वतःच्या फोल्डराचें नांव घालून तो आपल्याच खोलींत बसवावा. दुसऱ्या कोणास त्याचा उपद्रव नाहीं, व व्यवस्थापकाच्या झोंपेचीहि मोड नाहीं. पुढें १९९३ मध्यें सुरू झालेल्या डेबियनसारख्या संचांतून प्रोग्रॅम तयार बांधलेल्या गाठोड्यांच्या रूपानें मिळूं लागले. त्यांत जागाहि आंतच शिवून आलेली असे. त्याबदल्यांत प्रोग्रॅम काढणें व नवी आवृत्ति घालणें फार सुलभ झालें. हा सौदा बहुतेकांनीं आनंदानें पत्करला.

विंडोजच्या वापरणारांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. विंडोजच्या आरंभींच्या आवृत्तींत निरनिराळे प्रोग्रॅम आपलीं कांहीं सामाईक उपकरणें व्यवस्थेच्या खास फोल्डरांत आणून टाकीत. एकाची जुनी फाइल दुसऱ्याच्या नव्या फाइलीवर पडे, आणि काल चालणारा प्रोग्रॅम आज चालेनासा होई. सामाईक माजघरांत पांच बिऱ्हाडांचीं भांडीं मिसळावीं, तशी स्थिति. २४ ऑगस्ट १९९५ रोजीं आलेल्या विंडोज ९५ नें 'प्रोग्रॅम फाइल्स' नांवाचें एक आवार नेमून दिलें, व प्रत्येक प्रोग्रॅमनें त्यांत आपली वेगळी खोली करावी असा संकेत घातला. या नांवाच्या मध्यें मोकळी जागा आहे, आणि जुन्या प्रोग्रॅमांस आठ अक्षरांपलीकडचें नांव वाचतां येत नसे. म्हणून त्यांच्यासाठीं त्याच आवारास दुसरें आखूड नांव ठेवावें लागलें. जर्मन व स्पॅनिश विंडोजमध्यें तर आवाराचें नांवच त्या त्या भाषेंत होतें. जे आळशी प्रोग्रॅमकार इंग्रजी नांव गृहीत धरून चालले, त्यांचे प्रोग्रॅम जर्मन यंत्रांवर खुशाल दुसरें इंग्रजी आवार उभें करीत.

तथापि त्या काळांतील प्रोग्रॅम बसविणाऱ्या खिडक्यांत एक सौजन्य होतें. कोठें बसवूं, असें त्या विचारीत. किती जागा लागेल व किती शिल्लक आहे हें दाखवीत. आणि 'ब्राउझ' हें बटण दाबून दुसरी जागा दाखवितां येई. पुष्कळ लोक तें बटण न दाबतां पुढें जात, ही गोष्ट खरी. पण ज्याची 'सी' डिस्क भरत आली आहे व 'डी' रिकामी आहे त्यास तेवढ्या एका बटणाचा केवढा आधार वाटे! एकदां बसलेला प्रोग्रॅम मात्र उचलून दुसरीकडे नेण्याची सोय राहिली नव्हती. त्याचे पत्ते 'रजिस्ट्री' नांवाच्या खातेवहींत नोंदले जात, आणि फोल्डर हलविला कीं ते सर्व खोटे ठरत.

यानंतर सुरक्षिततेचा मुद्दा पुढें आला, आणि तो खोटा नव्हता. जेथें कोणासहि लिहितां येतें तेथें ठेवलेल्या प्रोग्रॅममध्यें एखादा दुष्ट प्रोग्रॅम गुपचूप फेरफार करूं शकतो. २००७ च्या जानेवारींत सर्वांस खुल्या झालेल्या विंडोज व्हिस्टानें प्रोग्रॅम फाइल्सच्या दारावर पहारा बसविला. आंत कांहीं ठेवण्यापूर्वीं अधिकाराची विचारणा होऊं लागली. कांहीं प्रोग्रॅमकारांनीं यावर वळसा काढला. २००८ च्या सप्टेंबरांत आलेला गूगलचा क्रोम हा ब्राउझर विंडोजवर वापरणाराच्या खासगी फोल्डरांत, एका आडबाजूच्या कोपऱ्यांत, कांहीं न विचारतां बसे. अधिकाराची गरज नाहीं, म्हणून पहारेकऱ्याचा अडथळा नाहीं, आणि नव्या आवृत्ति आपोआप येत राहाव्या हाहि हेतु साधला. सोय झाली, पण न विचारण्याचा पायंडा पडला.

त्याच वर्षीं जुलैंत ॲपलनें आयफोनसाठीं ॲप स्टोअर उघडलें, व तेथें हा प्रश्न मुळांतच मिटविण्यांत आला. प्रत्येक ॲपला एक बंद कोठडी. ती कोठें आहे हें मालकास कळण्याचें कारण नाहीं. अँड्रॉइड फोनांत मात्र बाहेरून घालावयाचें मेमरी कार्ड असल्यामुळें वाद उपस्थित झाला. त्या वेळच्या स्वस्त फोनांत आंतील जागा कांहींशें मेगाबाइटांची व कार्ड कित्येक गिगाबाइटांचें, असा विपरीत प्रकार असे. कार्ड रिकामें पडलेलें आणि फोन म्हणतो जागा नाहीं! २०१० च्या मे महिन्यांत आलेल्या अँड्रॉइड २.२ नें कार्डावर ॲप ठेवण्यास मोकळीक दिली; पण ती ॲप लिहिणारानें तशी अनुज्ञा नोंदविली असेल तरच. त्यानें कांहींच लिहिलें नाहीं तर ॲप आंतच राहावयाचें. म्हणजे कार्डाचे पैसे एकानें भरावे व त्याच्या वापरास संमति दुसऱ्यानें द्यावी, असा न्याय झाला. २०१५ सालच्या अँड्रॉइड ६.० नें कार्ड फोनाच्या स्वतःच्या जागेंत सामील करून घेण्याची युक्ति काढली. तें कार्ड मग दुसऱ्या यंत्रांत वाचतां येत नाहीं.

या सर्व खटाटोपांत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होत आली आहे. एक, कोणत्या डिस्कवर. आणि दुसरी, त्या डिस्कवर कोणत्या फोल्डरांत. दुसरी गोष्ट कारागिरांवर सोंपविण्यास हरकत नसावी. कोठडीची रचना, कुलुपें, नांवें हीं त्यांनीं पाहावीं, व सुरक्षिततेचे सारे आक्षेप मुख्यतः तिलाच लागू पडतात. पहिली गोष्ट मात्र जिंदगीची आहे. डिस्क कोणी विकत घेतली, कोणती लहान, कोणती मोठी, कोणती जलद, कोणती काढून नेण्याची, हें मालकासच ठाऊक. कंपन्यांनीं दोन्ही अधिकार एकाच झपाट्यांत काढून घेतले, आणि पुढें त्यांतील पहिला त्यांस एकामागून एक परत द्यावा लागला.

स्टीम या खेळ विकणाऱ्या व्यवस्थेचें उदाहरण बोलकें आहे. वाल्व्ह कंपनीनें ती २००३ सालीं सुरू केली. सर्व खेळ तिच्या एकाच फोल्डराखालीं बसत. पुढें वीजगतीच्या एस.एस.डी. डिस्का आल्या, पण त्या महाग, म्हणून लोक शंभर-सव्वाशें गिगाबाइटांची एखादी घेत व शेजारीं जुनी मोठी डिस्क ठेवीत. एकेक खेळ दहा-वीस गिगाबाइटांचा. तेव्हां जाणत्या लोकांनीं खेळाचा फोल्डर मोठ्या डिस्कवर नेऊन मूळ जागीं 'बिऱ्हाड अमक्या ठिकाणीं गेलें आहे' अशा अर्थाची पाटी लावावी, ज्यास सांकेतिक दुवा म्हणतात, व स्टीमला फसवावें, असें चाललें. २०१२ सालीं स्टीमनेंच दुसऱ्या डिस्कवर बसविण्याची सोय केली. त्याच वर्षीं आलेल्या विंडोज ८ नें आपल्या दुकानांतील ॲपें एका झांकलेल्या फोल्डरांत कोंडलीं. विंडोज १० मध्यें २०१५ च्या नोव्हेंबरांतील सुधारणेनें तीं दुसऱ्या डिस्कवर ठेवण्याची मुभा दिली.

मॅकिन्टॉशची वाट तर मुळांत सरळ होती. १९८४ पासून प्रोग्रॅमचें चित्र धरून हव्या त्या ठिकाणीं ओढून नेलें कीं झालें. आणि २००१ सालच्या मॅक ओ.एस. एक्सनें प्रोग्रॅमचें सारें सामान एकाच गाठोड्यांत बांधण्याची रीति आणल्यामुळें तें पुढेंहि शक्य राहिलें. २०११ च्या जानेवारींत मॅकवरहि ॲप स्टोअर आलें, आणि तेथून घेतलेलें ॲप ठरलेल्या एकाच फोल्डरांत पडूं लागलें. मॅकची आंतील डिस्क मागाहून वाढविणें आतां बहुधा शक्य नसतें, म्हणून बाहेरची डिस्क जोडणारे पुष्कळ. त्यांच्यासाठीं २०२४ सालच्या मॅक ओ.एस. १५.१ मध्यें एक नवी निवड आली: एक गिगाबाइटाहून मोठें ॲप बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतां येईल. लहान ॲपांस ती लागू नाहीं.