छऱ्यांचा पसारा : राखणीच्या बंदुकीची कागदावरची परीक्षा

अलिबागपासून रेवदंडा, मुरूड आणि पुढे श्रीवर्धनपर्यंत रायगडची किनारपट्टी अरुंद आहे. डोंगर समुद्राच्या इतका जवळ येतो की जंगल, भातखाचर, नारळ-सुपारीची वाडी आणि घरांची आळी एका हाकेच्या अंतरात बसतात. भात पोटरीत आले की रानडुकरे उतरतात आणि एका रात्रीत खाचर नांगरल्यासारखे करून टाकतात. म्हणून या भागात राखणीसाठी बंदूक बाळगण्याची रीत जुनी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही ती ओळखली आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि संरक्षणासाठी वा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक यांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. परवाना तपासला जातो, बंदुकीचा क्रमांक तपासला जातो, काडतुसांची नोंद होते. त्या नळीतून सुटलेले छर्रे नेमके कुठे आणि किती विखरून पडतात, हे मात्र कोणी तपासत नाही. माझ्या मते सगळ्यांत आधी तपासायची गोष्ट तीच आहे.

या तपासणीचे शास्त्र सर्वांत बारकाईने जपले ते अमेरिकेतल्या टर्की शिकाऱ्यांनी. टर्की अंगाने मोठा, पिसांनी झाकलेला. त्याच्या धडावर बारीक छर्रे मारले तर तो जखमी होऊन निसटतो. म्हणून नेम धरायचा तो फक्त डोक्यावर आणि मानेवर. त्यासाठी ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटरवर, १० इंच व्यासाच्या वर्तुळात शंभरेक छर्रे पडावेत अशी अपेक्षा तिथले जाणते शिकारी धरतात आणि हंगामापूर्वी कागदावर बार काढून ते पाहतात. आपल्याकडे टर्की नाही. त्याचे जवळचे नातलग मोर आणि रानकोंबडा आहेत, आणि दोघांनाही कायद्याचे संरक्षण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने हौशीची शिकार संपली. जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान असलेले फणसाड १९८६ पासून अभयारण्य आहे. उरतो तो एकच प्रसंग : उभे पीक उद्ध्वस्त करणारे रानडुक्कर, आणि तेही अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी हातात असेल तरच. प्रसंग कमी झाले म्हणून शास्त्राची गरज कमी होत नाही. उलट जो एक बार कायदेशीरपणे काढायचा, तो जनावराला तत्काळ मारणारा आणि दुसऱ्या कोणालाही न लागणारा असायला हवा.

छर्रे नळीबाहेर पडताना काय होते ते आधी पाहू. दारू पेटली की मागचे छर्रे पुढच्यांच्या वजनावर दाबले जाऊन चेपतात, कडेचे नळीच्या भिंतीवर घासून सपाट होतात. गोल राहिलेला छर्रा सरळ जातो, चेपलेला बाजूला भरकटतो. म्हणून मऊ शिशाचा पसारा ढिला पडतो. शिशात अँटिमनी मिसळून ते कडक केले किंवा छऱ्यांभोवती प्लॅस्टिकची वाटी घातली तर तो आवळतो. नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या आवळीला चोक म्हणतात. न्यूकॅसलच्या पेप या बंदूककाराने १८६६ साली तिचे पेटंट घेतले. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. पूर्ण चोकमध्ये तो तोंडाशी जेमतेम एक मिलिमीटरने कमी होतो. एवढ्याशा फरकाने चित्र पालटते. ४० यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात सरळ नळीचे सुमारे ४० टक्के छर्रे पडतात, पूर्ण चोकचे ७० टक्के. पाग फेकणाऱ्या कोळ्याला आपले जाळे किती अंतरावर किती उघडते हे जसे ठाऊक असते, तसे बंदूकवाल्याला हा आकडा स्वतःच्या नळीपुरता ठाऊक असला पाहिजे.

ठासणीच्या बंदुकीला चोक नसतो. तिथे दारूचे माप, डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) आणि छऱ्यांचे वजन मालकाच्या हातात असते, म्हणून दोष शिरायच्या वाटाही जास्त. दारू वाढवली की बंदूक लांब मारते, हा समज घातक आहे. जास्त दारूने डाट छऱ्यांच्या पुंजक्यात घुसतो, मधोमध भगदाड पडते आणि नळी फुटण्याचा धोका वाढतो तो वेगळाच. त्यात किनाऱ्यावरची हवा खारी. न पुसलेल्या नळीत गंजाचे खड्डे पडतात आणि छर्रे त्यावर घासून आणखी बिघडतात. एकाच कारखान्याच्या, एकाच वर्षीच्या दोन बंदुका दहा पावसाळ्यांनंतर वेगवेगळा पसारा देतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या बंदुकीचा अनुभव आपल्या बंदुकीला लागू करता येत नाही.

तपासणीची कृती साधी आहे. जागा मात्र मान्यताप्राप्त नेमबाजी मैदानाचीच हवी. शेताच्या बांधावर ही परीक्षा करू नये. चार फूट चौरस कागद उभा ताणायचा, मध्ये ठळक खूण करायची आणि नळी टेकवून त्या खुणेवर बार काढायचा. मग छिद्रे जिथे सर्वांत दाट आहेत तो मध्य शोधून १५ इंच त्रिज्येचे वर्तुळ काढायचे. हा मध्य आणि आपली खूण यांत अंतर पडले, तर बंदूक एका बाजूला मारते किंवा दस्ता खांद्याला नीट बसत नाही. पुष्कळांना ही गोष्ट कागद पाहिल्यावरच पहिल्यांदा कळते. दुनळीच्या दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासायच्या. नंतर छिद्रे मोजून काडतुसातल्या एकूण छऱ्यांशी प्रमाण काढायचे. इंग्लिश मापाच्या ६ नंबरचे एका औंसात सुमारे २७० छर्रे बसतात, ४ नंबरचे १७०, एसजी या जाड छऱ्यांचे केवळ ८. म्हणजे ३२ ग्रॅमच्या काडतुसात अनुक्रमे अंदाजे ३०५, १९० आणि ९. अमेरिकी क्रमांक यांहून निराळे असल्याने परदेशी तक्ते जसेच्या तसे वापरू नयेत.

एका कागदावरून निकाल देणे चूक आहे, आणि त्याचे कारण गणिती आहे. समजा ३० इंचांच्या वर्तुळात २०० छिद्रे आहेत. वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस इंच, म्हणून ४ इंच व्यासाच्या छोट्या वर्तुळात सरासरी साडेतीन छर्रे यावेत. छर्रे निव्वळ योगायोगाने विखुरले आहेत असे धरले तर असे छोटे वर्तुळ पूर्ण रिकामे राहण्याची शक्यता जवळजवळ ३ टक्के निघते. मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळात अशी छोटी वर्तुळे छप्पन्न मावतात, म्हणजे चांगल्या बंदुकीच्या कागदावरही एखाद-दोन रिकाम्या जागा दिसणारच. ही रिकामी जागा दर बाराला हलत असेल तर दोष योगायोगाचा. त्याच ठिकाणी पुन्हा पुन्हा येत असेल तर नळीचा किंवा काडतुसाचा. हा भेद करायला पाच-सहा तरी कागद लागतात, दहा असतील तर उत्तम.

आता रानडुकराचा प्रश्न, आणि सारे विवेचन ज्यासाठी केले तो मुद्दा इथे आहे. बारीक छऱ्यांचा पसारा कितीही दाट असला तरी डुकराच्या खांद्यावरच्या जाड कातडीतून आणि चरबीतून ते आत पोचत नाहीत. छऱ्याचे माप कामाप्रमाणे ठरते. किहीमला १९३० मध्ये सुगरणींचा अभ्यास करणाऱ्या सलीम अलींच्या पिढीतले पक्षिशास्त्रज्ञ संग्रहासाठी पक्षी टिपताना अगदी बारीक छर्रे वापरत, कारण जाड छऱ्याने नमुन्याचे कातडे फाटते. डुकरासाठी गरज नेमकी उलटी, म्हणून एसजी किंवा त्याहून जाड एलजी छर्रे. पण नऊच छर्रे असले की पसाऱ्याचे गणित कठोर होते. सरळ नळीचा पसारा २० यार्डांवर साधारण ३२ इंच होतो, म्हणजे क्षेत्रफळ ८०० चौरस इंच. डुकराचे मर्मस्थान १० इंचांचे धरले तर ते सुमारे ७८ चौरस इंच. नऊ छऱ्यांपैकी तिथे सरासरी एकही पुरता येत नाही. मध्यभागी छर्रे दुप्पट दाट असतात असे मानले तरी दोन भरत नाहीत. १० यार्डांवर तोच पसारा २० इंचांचा असतो आणि दुप्पट दाटी धरून चार-साडेचार छर्रे मर्मावर येतात. पूर्ण चोकचा पसारा २० यार्डांवर १६ इंचांचा असतो. तिथे सहा-सात येतात.

याचा अर्थ स्पष्ट आहे. चोक नसलेल्या बंदुकीने रात्री माळ्यावरून वीस-पंचवीस यार्डांवरच्या डुकरावर मारलेला बार बहुधा त्याला फक्त जखमी करतो. ते जनावर करवंदीच्या जाळीत शिरून दिवसेंदिवस तडफडते, आणि सकाळी त्या वाटेने लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाईवर किंवा गुराख्यावर धावून येते. हे टाळता येण्याजोगे दुःख आहे. वरचे आकडे सर्वसाधारण आहेत. जाड छर्रे प्रत्येक नळीत वेगळे वागतात. म्हणूनच आपल्या नळीची मर्यादा कागदावरून ठरवायची आणि तेवढ्या अंतरावर दिवसा खुंटी ठोकून ठेवायची. खुंटीपलीकडच्या जनावरावर बार काढायचा नाही.

पसाऱ्याची दुसरी बाजू म्हणजे चुकलेले छर्रे. जुर्नी या फ्रेंच सेनाधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राप्रमाणे छऱ्याचा इंचांतला व्यास २२०० ने गुणला की तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल ते कळते. ६ नंबरचा छर्रा सव्वादोनशे यार्ड जातो, एसजीचा सातशेहून अधिक. डुकरे हाकलायला एसजीचा बार हवेत काढणाऱ्याने आपल्या वाडीपासून सातशे यार्डांत कोणाकोणाची घरे आहेत ते मोजून पाहावे. किनाऱ्यावरच्या बहुतेक गावांत सगळी आळी त्यात येईल. शिवाय शिसे विषारी आहे. खाडीकाठच्या खाचरात पडलेले छर्रे पाणपक्षी खडे समजून गिळतात. युरोपीय संघाने पाणथळ जागांत शिशाचे छर्रे वापरण्यास २०२३ पासून मनाई केली आहे. रायगडच्या खाड्यांवर हिवाळी पाहुणे पक्षी उतरतात, तेव्हा आपणही शिसे जितके कमी पसरेल तितके बरे.

शस्त्र परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षे झाली. नूतनीकरणाच्या वेळी पीकसंरक्षणाच्या प्रत्येक बंदुकीचे मैदानावर तपासलेले कागद जोडण्याची अट घालावी, अशी जिल्हा प्रशासनाला विनंती आहे. परवानाधारकांनी त्या अटीची वाट पाहू नये. पुढचे भात पोटरीत येण्याआधी आपली बंदूक मैदानावर नेऊन तिचा पसारा मोजून घ्यावा.