वसईची घंटा, भीमाशंकरचे धुके

जुन्या वस्तू पाहत हिंडण्याचा मला नाद आहे. मोडीचे बाजार, पडके वाडे, समुद्रकाठची दीपगृहे. कोठेही गेलो की माझे पाय आधी तिकडे वळतात. एका कामासाठी घडलेली आणि दुसऱ्याच कामी लागलेली वस्तू दिसली, की तिच्यापाशी मी जरा अधिकच रेंगाळतो. तळेघरच्या रस्त्याला लागलो तो अशाच एका वस्तूसाठी.

घोडेगाव सुटले की डिंभे धरणाचे पाणी लागते. मग चढण, भातखाचरे, हिरड्याची झाडे. श्रावणाचे दिवस होते, आणि तळेघरला पोचेतो धुके इतके दाटले की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या बाबांना भीमाशंकरच्या घंटेविषयी विचारले. ते म्हणाले, “ती व्हय? ती वसईची. अप्पांनी आणली.” पावणेतीनशे वर्षांहून आधीच्या चिमाजी अप्पांचे नाव त्यांनी असे घेतले, जणू शेजारच्या वाडीतला कोणी कारभारी!

घंटा मी पाहिली ती देवळाच्या आवारात, शनीच्या मंदिरापुढे, दोन खांबांच्या मध्ये टांगलेली. घाट चर्चच्या घंटेचा, आणि अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला आलेली माणसे तिला टोल देत होती व पुढे जात होती. त्या मूर्तीकडे कोणी थबकून पाहिले नाही; आणि कोणी नाक मुरडलेलेही मला दिसले नाही.

वसई पडली ती १७३९ च्या मे महिन्यात. सुरुंगांनी सान सेबास्तियनचा बुरूज उडाला, दोन्हीकडची माणसे मेली, आणि अखेर पोर्तुगीजांनी किल्ला मराठ्यांच्या हवाली केला. त्या मोहिमेतून आलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या घंटा आज दूरदूर विखुरल्या आहेत. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर जी आहे, तिच्यावर १७०७ हे साल आहे. म्हणजे घंटा ओतली गेली ते औरंगजेबाच्या मृत्यूचे वर्ष. नाशिकला नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ आहे. गोदावरीचा पूर किती चढला, हे जुने नाशिककर त्या घंटेवरून सांगत. लिस्बनच्या राजाची प्रजा जिच्या नादावर प्रार्थनेला जमत होती, ती गोदेच्या पुराचे माप झाली!

मला नवल वाटते ते या घंटा वितळल्या कशा नाहीत याचे. घंटेचे कांसे म्हणजे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. तोफेच्या धातूत कथील याच्या निम्म्यावर येते. तेव्हा घंटा आटवून वर तांबे घातले की तोफेचे साहित्य तयार. युरोपात तर जिंकलेल्या गावच्या घंटांवर तोफखान्याच्या अधिकाऱ्याचा हक्कच मानीत. फ्रेंच राज्यक्रांतीत घंटांच्या तोफा आणि नाणी झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी युरोपभरच्या सुमारे पावणेदोन लाख घंटा उतरविल्या, त्यांतल्या दीड लाखांच्या आसपास नाहीशा झाल्या. पेशव्यांनाही तोफा काही कमी लागत नव्हत्या. तरी या घंटा भट्टीत न जाता देवळांत गेल्या.

यात कोणी सर्वधर्मसमभाव पाहतात. मला तसे म्हणवत नाही. घंटा लुटीतली होती, आणि जिंकलेली वस्तू देवाच्या दारी बांधणे ही विजयाची खूणच होय. तथापि मेरीवर छिन्नी चालली नाही, हेही तितकेच खरे. छिन्नी चालविणारा कारागीर मिळाला नसता असे थोडेच आहे? वाजविण्याची रीत मात्र बदलली. चर्चमध्ये दोर ओढला की सबंध घंटा हेलकावे घेते. आपल्याकडे घंटा स्थिर, हलतो तो लोलक.

भीमाशंकरच्या धुक्यात तो टोल ऐकताना मला आयर्लंडच्या किनाऱ्यावरील बेली दीपगृह आठवले. धुक्यात तेथील दिवा दिसत नाही म्हणून घंटा बसवावी असे १८४६ सालीच ठरले होते, पण ते काम लांबणीवर पडले. १८५३ च्या फेब्रुवारीत ‘क्वीन व्हिक्टोरिया’ ही आगबोट हिमवादळात तेथल्याच खडकांवर आदळली आणि ऐंशीच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर दोन महिन्यांत घंटा आली. १९९७ साली तेथील शेवटचा दीपरक्षकही खाली उतरला. आता सारे यंत्रावर चालते. सह्याद्रीतल्या या घंटेला अजून माणसाचा हात लागतो.

नंतर मी वसईच्या किल्ल्यात जाऊन आलो. सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा उभा आहे, छप्पर नाही. भिंतींतून पिंपळ फुटले आहेत. आसपासच्या गावांतले ख्रिस्ती लोक मराठीच बोलतात. मनोऱ्याखाली दोन पोरे क्रिकेट खेळत होती. वर घंटा टांगण्याची जागा रिकामी होती.