सुट्टीतले विज्ञान आणि आमचा जिल्हा

शाळकरी मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करावे, ही कल्पना आपल्याकडे आजची नाही. १९६३ साली एनसीईआरटीने राष्ट्रीय विज्ञान प्रतिभाशोध योजना सुरू केली. पहिल्या वर्षी फक्त दिल्ली, आणि शिष्यवृत्त्या अवघ्या १०. पुढच्याच वर्षी ती देशभर गेली नि आकडा ३५० झाला. परीक्षा अकरावीच्या मुलांची: लेखी पेपर, विज्ञानावर निबंध, स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल, मग मुलाखत. निवडलेल्यांसाठी सुट्टीत उन्हाळी वर्ग भरत.

प्रकल्पाचा अहवाल! १९४८ पर्यंत आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. औरंगाबादला विद्यापीठ आले ते १९५८ मध्ये. मी शाळेत होतो तेव्हा आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट, किल्ली हेडमास्तरांकडे. प्रकल्प कशाला म्हणतात हे आमच्या गुरुजींनाही सांगता आले नसते, त्यात त्यांचा काय दोष?

१९७६ मध्ये योजनेचे रूप बदलले. निबंध, प्रकल्प गेले, पर्याय निवडायचे प्रश्न आले. समाजशास्त्रे, इंजिनिअरिंग, मेडिकलही आत आले. जुने लोक हळहळले. मला मात्र वाटते, आमच्याकडच्या मुलाला हाच पेपर सोपा. त्याला कपाटाची किल्ली लागत नाही. (पुढे त्याचेही क्लास निघाले, ती गोष्ट वेगळी.)

प्रकल्पाची ती हौस मग पुण्यात उगवली. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुकाने १९९३ पासून शाळकरी मुलांसाठी उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. आठवी ते दहावीची मुले, नावे शाळेने पाठवायची. दर आठवड्याला तीसेक मुलांची नवी तुकडी. चार-सहा मुले एका शास्त्रज्ञाकडे, सोमवार ते शुक्रवार. ठरलेला अभ्यासक्रम नाही, परीक्षा नाही. शेवटी काय केले ते लिहून द्यायचे. मला विचाराल तर इतकी सुंदर योजना दुसरी नाही. पण ती पुण्यातल्या शाळांसाठी. रोज सकाळी जाऊन संध्याकाळी घरी यायचे, तर बीडच्या मुलाने उतरायचे कुठे?

गंमत म्हणजे आमच्यापर्यंत पोचेल असा एक मार्ग त्याच नारळीकरांकडे होता. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही असेल. पोस्टकार्डाला एसटीचे तिकीट लागत नाही! मी भाषेचा मास्तर, पण हे कळल्यावर वर्गात आवर्जून सांगायचो. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा आधी ती पोस्टकार्डे आठवली.

त्यानंतरची पायरी इस्रोची. २०१९ पासून 'युविका' हा नववीच्या मुलांसाठीचा कार्यक्रम चालतो. मे महिन्यात सुमारे दोन आठवडे मुलांना इस्रोच्या केंद्रात नेतात, राहणे-जेवणे त्यांच्याकडे. कोरोनात दोन वर्षे खंड पडला. २०२४ ला ३५० मुले निवडायची होती. ग्रामीण भागातल्या शाळेच्या मुलांना त्यात वेगळे गुण मिळतात. १९६४ च्या मानाने ही फार मोठी गोष्ट आहे.

पण मंडळी, निवडीत निम्मे वजन आठवीच्या गुणांना. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही मुले आईबापांबरोबर फडावर जातात, काही आजीपाशी राहतात. म्हणजे आठवीचे अर्धे वर्ष असे जाते. अर्ज भरायची मुदतही साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे आईबाप कारखान्यावर असतानाच. घरात आजी, तिला ऑनलाइन अर्ज काय सांगणार? तो अर्ज भरायचा तर वर्गशिक्षकानेच, आपल्या मोबाइलवर, शाळा सुटल्यावर.