गाठीवरची अक्षरं

मंडळी, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात रुईची गाठ प्रेसमधून निघाली की तिच्यावर अक्षरं छापतात. पद्धत जुनी आणि सोपी: पत्र्यात अक्षर कापायचं, पत्रा गाठीवर धरायचा, वरून रंग मारायचा. आता बघा, ‘व’ पूर्ण कापला तर पोटातला तुकडा गळून पडतो. म्हणून त्याला धरून ठेवणारी पट्टी राखावी लागते. छापल्यावर तीच अक्षरातली फट दिसते.

1937 साली अमेरिकेत गेरी पॉवेल आणि हंटर मिडलटन यांनी दोन वेगळ्या कंपन्यांसाठी ‘स्टेन्सिल’ नावाचे ठळक टाइप काढले. शिशाच्या टाइपाला फटीची गरज नव्हती. तरी ठेवली, कारण ती पाहिली की वखार, बंदर, फौज आठवते. पोस्टरवर, खोक्यांवर आजही ती म्हणूनच वापरतात.

पण ही अक्षरं कोणाचं नाव सांगतात? 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने गाठीवर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक सक्तीचा केला. गाठ कोणत्या प्रेसची, हे त्यातून कळतं. ते योग्यच झालं. मात्र जिनात अनेक गावांचा कापूस एक होतो, आणि पिकवणाऱ्याचं नाव तिथेच गळून पडतं. त्याला धरून ठेवणारी पट्टी कोणी राखलीच नाही.