कोरीगडाची वाट

आश्विन लागला, पाऊस ओसरला आणि ओढ्यांचें गढूळ पाणी निवळलें, कीं मावळांतील डोंगर चढण्यास योग्य होतात. मराठ्यांच्या राज्यांत हीच वेळ मोहिमेची मानीत. विजयादशमीस सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत. कारण त्या सुमारास नद्यांना उतार पडलेला असे, वाटा वाळलेल्या असत आणि घोड्यांना गवत मुबलक मिळे. आज त्याच दिवसांत चार मित्र पाठीवर शिदोरी बांधून एखादा गड चढूं लागतात, तेव्हां ठाऊक असो वा नसो, ते एका जुन्या प्रघातालाच अनुसरत असतात. भेद इतकाच, कीं पूर्वीचे सोबती पहाऱ्याच्या चाकरीसाठीं चढत. आजचे सुटीच्या आनंदासाठीं चढतात.

मुळशी तालुक्यांतील माण हें गांव या भेदाची साक्ष देण्यास पुरेसें आहे. एके काळचें हें शेतकऱ्यांचें गांव आज संगणकाच्या व्यवसायाचीं उंच कार्यालयें अंगाखांद्यावर वागवीत आहे. शिवाजीनगरास जाणारा मेट्रोमार्गहि येथूनच आंखला गेला. आठवडाभर कचेरींत बसून आंखडलेल्या तरुणांना पश्चिमेकडील डोंगर खुणावीत असतात. त्यांच्या पायांना एका दिवसांत जाऊन येण्याजोगा एक गड याच तालुक्याच्या पश्चिम टोकास उभा आहे. त्याचें नांव कोरीगड. कोणी त्यास कोराईगड म्हणतात, कोणी कुवारीगड. लोणावळ्यापासून वीस-बावीस किलोमीटरांवर पेठ शहापूर नांवाचें गांव लागतें. तेथूनच चढण सुरू होते.

गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ३००० फूट. शरदांत वाटेच्या दोहों बाजूंस सोनकीचीं पिवळीं फुलें डोलत असतात. झाडींतून पुढें गेलें कीं पायऱ्या लागतात, आणि दम लागूं लागतो तोंच गणेश दरवाजा समोर येतो. ही वाट अशी आडवळणाची कां, असा प्रश्न थकलेल्या चढणाऱ्यास पडतोच. त्याचें उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत सांपडतें. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या या ग्रंथांत दुर्गांविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे. गडाची वाट सुगम ठेवूं नये, डोंगराच्या अंगावरील झाडी राखावी, आणि सर्वांत आधीं पाणी पाहून मगच गड बांधावा, असा त्यांतील उपदेश आहे. म्हणजे पाय दुखविणारी ही चढण शत्रूचे पाय दुखावे म्हणूनच राखलेली होती. माथ्यावर पोंचतांच दिसणारीं दोन विस्तीर्ण तळीं पाहिलीं, कीं त्या उपदेशाचा उरलेला अर्थहि उमगतो. तटबंदी अद्याप बरीचशी शाबूत असून तिच्या कडेकडेनें सारा माथा फिरतां येतो.

या गडाच्या इतिहासांत तीन वर्षें विशेष ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. पहिलें १६५७. त्या वर्षीं लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना यांच्याबरोबर हा गड शिवाजीमहाराजांच्या स्वराज्यांत आला. दुसरें १६६५. पुरंदरच्या तहांत तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले. त्यांत लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे चारहि शेजारी गेले; कुवारीगड मात्र महाराजांकडे राहिलेल्या बारा किल्ल्यांत होता. शेजारच्या माथ्यांवर परकें निशाण फडकत असतां येथील शिबंदीनें रात्री कशा काढल्या असतील, याची कल्पना तटावर उभें राहूनच येते. कारण ते माथे येथून उघड्या डोळ्यांनीं दिसतात.

तिसरें वर्ष १८१८. पेशवाई मोडत आली होती. इंग्रजांचा कर्नल प्रॉथर हा ४ मार्चला विसापूर व दुसऱ्या दिवशीं लोहगड घेऊन ११ मार्चला कोरीगडापुढें येऊन ठाकला. शिबंदी नमेना. परंतु तोफेचा एक गोळा दारूच्या कोठारावर पडला, मोठा स्फोट झाला आणि १४ मार्चला गड हातचा गेला. हाच प्रॉथर पुढें मे महिन्यांत रायगडावर गेला व तोहि पडला. कोराईदेवीचे दागिने त्या वेळीं मुंबईस नेले गेले व पुढें मुंबादेवीस वाहिले गेले, अशी आख्यायिका गडाखालीं सांगतात. देवी मात्र जागेवरच राहिली. तिच्या देवळाजवळ आजहि लक्ष्मी नांवाची तोफ पडून आहे.

येथवरची हकीकत गडावरील दगड सांगतात. परंतु निरभ्र दिवशीं तटावरून दूर पाहिलें, तर मुळशीचा जलाशय चमकतांना दिसतो, आणि त्याची हकीकत सांगावयास तेथें एकहि दगड वर उरलेला नाहीं. चढून आलेली मंडळी त्या पाण्याकडे पाहून देखावा सुंदर असल्याचें म्हणतात. देखावा सुंदर आहेच. पण त्या पाण्याखालीं आंबेमोहोर भाताचीं खाचरें होतीं. टाटांच्या वीजकंपनीसाठीं मुळेवर धरण बांधण्याचें ठरलें, तेव्हां पन्नासांच्या घरांतील गांवांवर गदा आली. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे पुढारी होते. बापटांस सेनापति ही पदवी याच लढ्यानें दिली. ‘जान किंवा जमीन’ हा त्यांचा निर्धार होता. पण जमिनीचे अनेक मालक सावकार होते, आणि ते पुण्यांत राहत. त्यांना मोबदला पुरे वाटला. कसणाऱ्याला तो पुरणार कसा? १९२४ पर्यंत लढा विझला. पूर्वेकडे वाहणाऱ्या मुळेचें पाणी पश्चिमेस कोंकणांत भिऱ्याला उतरविण्यांत आलें, आणि १९२७ पासून त्या पाण्याची वीज मुंबईस मिळूं लागली.

गड पडला तो शत्रूच्या गोळ्यानें. त्याचें नांव बखरींत व नकाशांत राहिलें. खोरें बुडालें तें कायद्याच्या कागदानें आणि नगरांच्या गरजेनें. दोन्हीं पराभव एकाच मावळ्यांच्या वंशजांनीं सोसले. परंतु पहिल्याची आठवण ठेवणें सोपें आहे, कारण त्यांत दोषी परका होता. दुसऱ्याचा लाभ ज्यांना झाला, त्यांचींच मुलें-नातवंडें आज सुटीच्या दिवशीं हा गड चढतात.

यास्तव शरदाच्या दिवसांत मित्रांसह कोरीगडास जाणाऱ्यांनीं तटाची प्रदक्षिणा जरूर करावी, तळ्याकांठीं बसून शिदोरीहि सोडावी. मात्र ऊन कलण्यापूर्वीं त्या दूरच्या पाण्याकडे पाहून सोबत्यांना एवढें सांगावें, कीं याच दिवसांत तेथें भात पिकून पिंवळें होत असे. मग पायऱ्या उतराव्या. गडाचा दरवाजा पूर्वीं सूर्यास्ताबरोबर बंद होई. आज तो बंद करणारें कोणी नाहीं, तरी उजेड आहे तोंच खालीं पोंचणें शहाणपणाचें.